सावली कोणाची आणि आपण उभे कुठे?

ग्रहणाची तारीख जवळ आली की घरोघरी दोन प्रश्न निघतात. आपल्याकडे दिसणार का? आणि वेध कधी लागतात? उत्तरे बहुतेकांना मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून मिळतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. न्यूझीलंडमध्ये दिसणाऱ्या ग्रहणाचे नियम सांगलीत पाळले जातात, ज्या ग्रहणात चंद्र जेमतेम मळकट दिसणार असतो त्याला 'रक्तचंद्र' म्हणून मिरवले जाते, आणि मध्यरात्रीनंतरच्या ग्रहणाची तारीख एका दिवसाने चुकते. यातून बाहेर पडायला गणित येण्याची गरज नाही. ग्रहण म्हणजे सावली, एवढे धरून ठेवायचे आणि प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारायच्या : सावली कोणाची, आणि आपण तिच्या आत आहोत की बाहेर?

चंद्रग्रहणात सावली पृथ्वीची असते. ती चंद्रावर पडते आणि आपण ती पावणेचार-चार लाख किलोमीटरवरून पाहतो. म्हणजे आपण प्रेक्षक. म्हणून ते उघड्या डोळ्यांनी बघता येते, म्हणून ते अर्ध्या पृथ्वीला एकदम दिसते, आणि म्हणून त्याच्या वेळा रत्नागिरीला आणि गोंदियाला सारख्याच असतात. सूर्यग्रहणात सावली चंद्राची असते आणि ती आपल्या अंगावर पडते. ही सावली जमिनीवरून धावत जाते, त्यामुळे तिच्या वेळा गावोगाव बदलतात. दाट सावलीचा पट्टा फार झाला तर अडीच-पावणेतीनशे किलोमीटर रुंद असतो. त्या पट्ट्याबाहेर सूर्याचा थोडा किंवा बराच भाग उघडा राहतो आणि तो उघडा भाग डोळा जाळतो. दोन ग्रहणांतले बहुतेक फरक आपल्या उभे राहण्याच्या जागेतून आले आहेत.

हे नुसते वाचून पटत नसेल तर रात्री खोलीत एक दिवा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, पेन्सिलीच्या टोकाला छोटा चेंडू खोचा, हात लांब करून चेंडू धरा आणि जागेवरच स्वतःभोवती फिरा. तुमचे डोके म्हणजे पृथ्वी. चेंडू दिव्याच्या बाजूला आला की त्याची अंधारी बाजू तुमच्याकडे येते, ती अमावास्या. पाठीमागे गेला की तो पूर्ण उजळतो, ती पौर्णिमा. चेंडू नेमका दिव्याच्या आड आला तर सूर्यग्रहण, तुमच्या डोक्याच्या सावलीत शिरला तर चंद्रग्रहण. लहान मुलांना हा प्रयोग करू द्या, कारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती आपणहून विचारतात की असे असेल तर दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही.

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत नाही, ती सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. सूर्य आणि चंद्र आपल्याला दिसतात ते अर्ध्या-अर्ध्या अंशाचे. त्यांच्या मानाने पाच अंश पुष्कळ झाले. बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. दोन पातळ्या एकमेकींना छेदतात ते दोनच बिंदू, आणि ग्रहण व्हायचे तर सूर्य त्यांतल्या एकाच्या जवळ असावा लागतो. हे बिंदू आपल्या ओळखीचे आहेत. पंचांगात ते राहू आणि केतू या नावांनी रोज छापले जातात. चंद्र जिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना सूर्याचा मार्ग ओलांडतो तो राहू आणि उलट ओलांडतो तो केतू. दोन्ही उलट्या दिशेने सरकतात, एका राशीत साधारण दीड वर्ष राहतात आणि १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. पत्रिका बघणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात. ते चंद्राच्या कक्षेचे मोजमाप आहे हे मात्र क्वचित सांगितले जाते. सूर्य-चंद्राला गिळणाऱ्या राक्षसाची गोष्ट सांगणारा समाज त्याच बिंदूंचे गणितही अचूक ठेवत होता, याचे मला कायम कौतुक वाटते. पाचव्या शतकाच्या शेवटी आर्यभटाने स्वच्छ लिहून ठेवले की सूर्याला झाकतो तो चंद्र आणि चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली.

सूर्य या दोन बिंदूंपैकी एकाजवळून दर १७३ दिवसांनी जातो. त्या सुमाराचे महिना-सव्वा महिन्याचे दिवस म्हणजे ग्रहणांचा हंगाम. त्यात एक अमावास्या हमखास सापडते, पौर्णिमाही बहुधा सापडते, त्यामुळे ग्रहणे पंधरवड्याच्या अंतराने जोडीने येतात. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण झाले, २१ सप्टेंबरला सूर्यग्रहण. पहिले आपण रात्रभर पाहिले, दुसरे आपल्याकडे दिसलेच नाही. एका पंधरवड्यात दोन ग्रहणे आली म्हणजे काही अरिष्ट आहे असे कोणी सांगू लागले तर त्याला सांगा, तसे दरवर्षी होते. वर्षात छायाकल्प धरून किमान चार आणि जास्तीत जास्त सात ग्रहणे होतात.

आता पंचांग किंवा दिनदर्शिका हातात घ्या. ग्रहणाच्या पानावरची भाषा जुनी आहे, पण एकदा समजली की सगळे काम भागते. सावलीची कड बिंबाला टेकते तो स्पर्श. बिंब पूर्ण झाकले जाते ते संमीलन, पुन्हा उघडू लागते ते उन्मीलन, आणि सावली पूर्ण सुटते तो मोक्ष. मधला क्षण तो मध्य. स्पर्शापासून मोक्षापर्यंतचा काळ तो पर्वकाळ. खंडग्रास ग्रहणात संमीलन-उन्मीलन नसते, हे उघडच आहे. ग्रहण लागलेल्या अवस्थेतच बिंब उगवले तर ते ग्रस्तोदित, ग्रहण चालू असताना मावळले तर ग्रस्तास्त. २०२२ च्या दिवाळीत दोन्ही प्रकार पंधरा दिवसांत पाहायला मिळाले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्य ग्रहण लागलेलाच समुद्रात बुडाला. ८ नोव्हेंबरला चंद्र ग्रहण घेऊनच उगवला. त्या दिवशी खग्रास भाग संध्याकाळी सव्वापाचच्या आत संपला होता, मोक्ष सहा वाजून एकोणीस मिनिटांनी होता. मुंबईत चंद्रोदयच सहाच्या सुमारास. मुंबईकरांच्या वाट्याला शेवटची काही मिनिटे आली, पूर्वेकडे नागपूरला चंद्र आधी उगवल्यामुळे जास्त वेळ मिळाला. ग्रहणाच्या वेळा साऱ्या देशाला एकच असल्या तरी चंद्र उगवण्याच्या वेळा एक नसतात, एवढे लक्षात ठेवले की असे गोंधळ होत नाहीत.

सूर्यग्रहणाचे उलट. तिथे आपल्या गावाच्या वेळाच पाहायच्या. पुण्याच्या वेळा लातूरला चालत नाहीत, आणि ग्रासाचे प्रमाणही बदलते. ते प्रमाण वाचताना एक बारकावा. 'ग्रासमान ०.५०' असे लिहिले असेल तर सूर्याचा व्यास निम्मा झाकला जाणार असतो, क्षेत्रफळ नव्हे. व्यास अर्धा झाकला जातो तेव्हा क्षेत्रफळ त्याहून कमी, साधारण चाळीस टक्के झाकले गेलेले असते. वर्तमानपत्रांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. आणि तारीख : इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगाचा वार सूर्योदयाला. रात्री एक वाजताच्या चंद्रग्रहणाला पंचांगवाले आदल्या दिवसाचे म्हणतील, बातमीदार दुसऱ्या दिवसाचे. दोघेही बरोबर असतात. ठरवताना 'अमुक तारखेची रात्र' असे मित्रांना सांगावे, म्हणजे कोणी चुकत नाही.

छायाकल्प हा एक प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण त्याच्या नावाने सर्वांत जास्त निराशा होते. पृथ्वीच्या सावलीला एक दाट गाभा असतो आणि भोवती विरळ सावली. चंद्र फक्त विरळ भागातून गेला तर ते छायाकल्प ग्रहण. सरावलेल्या माणसाला चंद्राची एक बाजू किंचित धुरकट दिसते, बाकीच्यांना काहीच कळत नाही. २०२७ सालातली तिन्ही चंद्रग्रहणे याच प्रकारची आहेत. त्यांच्यासाठी मुलांना झोपेतून उठवू नका. पंचांगेही या ग्रहणाचे वेध पाळायला सांगत नाहीत.

सूर्यग्रहण कधी खग्रास तर कधी कंकणाकृती का होते, हा प्रश्न समजायला अवघड वाटतो, पण त्याचे उत्तरही सावलीतच आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे चारशे पट आणि अंतरही सुमारे चारशे पट, म्हणून दोघे आकाशात जवळजवळ सारखे दिसतात. 'जवळजवळ' हा शब्द इथे महत्त्वाचा. चंद्राची दाट सावली सरासरी पावणेचार लाख किलोमीटर लांबीची, टोकाला निमुळती होत गेलेली. चंद्र मात्र कधी तीन लाख छपन्न हजार किलोमीटरवर येतो, कधी चार लाख सहा-सात हजारांवर जातो. जवळ असला तर सावलीचे टोक जमिनीला टेकते आणि तिथे खग्रास दिसते. लांब असला तर टोक हवेतच संपते आणि खालून पाहणाऱ्याला चंद्राभोवती सूर्याचे कडे दिसते. २६ डिसेंबर २०१९ चे कंकण केरळ-तमिळनाडूत दिसले, २१ जून २०२० चे राजस्थानातून कुरुक्षेत्र, डेहराडूनकडे गेले. महाराष्ट्रात दोन्ही वेळा खंडग्रास. चंद्रग्रहणात कंकण कधी होत नाही. पृथ्वीची सावली चंद्राच्या अंतरावरही नऊ हजार किलोमीटर रुंद असते, म्हणजे चंद्राच्या अडीचपटींहून मोठी. चंद्र तिच्यात तासाहून जास्त वेळ सहज बुडून राहतो. २७ जुलै २०१८ च्या गुरुपौर्णिमेचे ग्रहण १०३ मिनिटे खग्रास होते. आपल्याकडे बहुतेकांनी ते ढगांमुळे टीव्हीवर पाहिले, हा भाग वेगळा.

आता डोळ्यांकडे वळू, कारण या लेखातला हाच भाग चुकला तर भरून येत नाही.

सूर्यग्रहणात विशेष घातक किरण निघत नाहीत. सूर्य रोजचाच असतो. रोज आपण त्याच्याकडे बघत नाही, ग्रहणात बघतो, आणि उजेड कमी झाल्यामुळे डोळा मिटतही नाही. उघडी राहिलेली बारीक कोरसुद्धा दृष्टिपटल भाजते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना काही जाणवत नाही. त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी लक्षात येतो, वाचताना मधलीच अक्षरे दिसेनाशी होतात. म्हणून काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, दोन गॉगल एकावर एक, सीडी, चिप्सच्या पाकिटाचा चमकता कागद, यांपैकी काहीही वापरू नका. उजेड कमी दिसतो, पण न दिसणारे अवरक्त किरण आत जातच राहतात. परातीत हळदीचे किंवा शेणाचे पाणी घेऊन त्यात प्रतिबिंब बघण्याची पद्धत अजून चालते. डोक्यावर सूर्य असताना पाण्यावरून शेकडा दोन भाग उजेड परततो, तिरपा असताना त्याहून जास्त. सुरक्षित चष्म्यातून फार तर लाखात तीन भाग आत येतो. या दोन आकड्यांतले अंतर पाहा आणि परात माळ्यावर ठेवा.

चष्मा घ्यायचा तर त्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले हवे. छापलेले असले तरी एकदा तपासा. चष्मा लावून घरातल्या ट्यूबलाइटकडे पाहिल्यावर जवळपास काहीच दिसता कामा नये, फक्त सूर्य दिसावा. उन्हाकडे धरून चरा, भोक, सुरकुती आहे का पाहा. असेल तर कात्रीने कापून टाका, म्हणजे दुसरे कोणी वापरणार नाही. वेल्डिंगच्या दुकानातली काच चालते, पण ती १४ नंबरचीच. नेहमीच्या कामाला वेल्डर त्याहून कमी नंबरच्या काचा वापरतात, त्या इथे अपुऱ्या आहेत. दुर्बीण किंवा कॅमेरा असेल तर फिल्टर पुढच्या भिंगावर, सूर्याकडच्या बाजूला बसवायचा. ग्रहणाचा चष्मा डोळ्यावर लावून दुर्बिणीत डोकावणे हा सर्वांत धोकादायक प्रकार. दुर्बिणीने एकवटलेला उजेड चष्म्याची फिल्म क्षणात जाळू शकतो.

मुले बरोबर असतील तर माझी पसंती चष्म्यापेक्षा पडद्याला. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा, भोकातून आलेला उजेड पांढऱ्या कागदावर घ्या. कागद एक मीटरवर असेल तर सूर्यबिंब नऊ मिलिमीटरचे पडते, त्यामुळे फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. मोठे हवे असेल तर हातातला छोटा आरसा घ्या, त्यावर पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडलेला कागद चिकटवा, तो खिडकीबाहेर उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत दहा मीटर लांब असली तर बिंब नऊ सेंटिमीटरचे येते. आख्खा वर्ग एकाच वेळी पाहू शकतो आणि कोणाच्याच डोळ्याला धोका नाही, फक्त कवडसा कोणाच्या तोंडावर जाऊ देऊ नका. एवढाही खटाटोप नको असेल तर स्वयंपाकघरातला बुंदीचा झारा अंगणात धरा. त्याच्या प्रत्येक भोकाखाली एक चंद्रकोर पडते. झाडाखालचे कवडसेही त्या वेळी कोरीचे होतात आणि कोणी सांगितल्याशिवाय त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

फोनने फोटो काढणाऱ्यांसाठी : भिंगासमोर चष्म्याची एक काच धरा. आणि फोटो जेमतेमच येणार हे आधीच मान्य करा.

चंद्रग्रहणाला यातले काहीच लागत नाही. सतरंजी, उशी, असल्यास साधी द्विनेत्री. पाहण्याजोगे मात्र बरेच असते. खंडग्रास चालू असताना सावलीची कड नीट पाहा, ती नेहमी गोल असते. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा ॲरिस्टॉटलने दिला होता आणि तो आजही गच्चीवरून तपासता येतो. खग्रास झाल्यावर चंद्र नाहीसा होत नाही, तांबूस होतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला उजेड तेवढा सावलीत पोचतो. निळा भाग हवेतच विखुरतो, लाल पुढे जातो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, त्या सगळ्यांचा उजेड चंद्रावर पडलेला असतो. रंग दर वेळी सारखा नसतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजों याने त्यासाठी शून्य ते चार अशी पट्टी ठरवली : शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ दिसेनासा, एक म्हणजे करडा-तपकिरी, दोन गंजासारखा, तीन विटेसारखा, चार उजळ तांबे-नारिंगी. प्रत्येकाने आपापला अंक लिहावा आणि मग ताडून पाहावे. हा नुसता खेळ नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वातावरणात उंच राहिली, आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र फारच काळा पडला होता.

विजयदुर्गाला जाणाऱ्यांसाठी एक जरा लांबलेली टीप. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की लॉकयर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथून हेलियमचा शोध लावला. त्या दिवशी तिथे हेलियम दिनही साजरा होतो. कौतुक जरूर करावे, पण नोंदी वेगळे सांगतात. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता, जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होता. नॉर्मन लॉकयर इंग्लंडमध्येच होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवाय कसा घ्यायचा हे त्याने तिथे ऑक्टोबर १८६८ मध्ये दाखवले, आणि त्यातली पिवळी रेषा कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळत नाही म्हणून हेलियम हे नाव पुढे आले. विजयदुर्गावर लॉकयर खरोखर आला, पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने पृथ्वीवरही हेलियम शोधून तीन वर्षे झाली होती. त्या ग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून तिरकी गेली. विजयदुर्गाला समुद्रावरून चढली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून विदर्भाकडे आणि पुढे बिहारात बक्सरला. जेऊरला पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवाला ठाण मांडून होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती. आपल्या मातीत नावाजण्यासारखे एवढे घडलेले असताना हेलियमची गोष्ट ओढूनताणून आणायचे कारण नाही. जेऊर स्टेशनवर याची एक पाटी असायला हवी.

एका ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. म्हणून घरी बसून वाट पाहणे हा मार्ग नव्हे, सावलीच्या वाटेवर जाऊन उभे राहावे लागते. ती वाट कशी सरकते यातही एक क्रम आहे. १८ वर्षे ११ दिवस आणि आठ तासांनी सूर्य, चंद्र आणि राहू-केतू जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात. याला सॅरोस म्हणतात. वरच्या आठ तासांत पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, त्यामुळे पुढचे ग्रहण तितके पश्चिमेला सरकते. २२ जुलै २००९ चे ग्रहण सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा करत पॅसिफिकमध्ये गेले होते. त्याच मालिकेतले पुढचे २ ऑगस्ट २०२७ ला आहे आणि त्याचा मध्य इजिप्तमध्ये लक्सरजवळ. तीन सॅरोस म्हणजे ५४ वर्षे आणि साधारण महिना. तेवढ्यात पृथ्वीची पूर्ण फेरी होते आणि ग्रहण पुन्हा त्याच रेखांशाच्या आसपास येते. १६ फेब्रुवारी १९८० ला सावली कारवारला किनाऱ्यावर चढून हुबळी, रायचूरवरून गेली. त्या दुपारी मुंबई-पुण्याचे रस्ते ओस पडले होते हे ज्येष्ठांना आठवत असेल. लोकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्याच मालिकेतले ग्रहण २० मार्च २०३४ ला भारतात परत येते आहे, या वेळी लडाखमध्ये. ज्यांचे १९८० चे हुकले आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत त्यांनी आतापासून विचार करावा.

२ ऑगस्ट २०२७ चे आपल्याकडे खंडग्रास आहे, दुपारी चारच्या पुढे-मागे. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. ऐन पावसाळा. कोकणात आणि घाटावर दिसण्याचा भरवसा धरू नका. मराठवाड्यात ढगांत खिंडार पडले तर नशीब. पण सौदी अरेबियात नोकरीला असलेल्या मराठी माणसांनी ही तारीख लिहून ठेवावी. जेद्दा, मक्का खग्रास पट्ट्यात आहेत आणि तिथे अंधार पाच मिनिटांहून जास्त टिकेल. लक्सरला सहा मिनिटांहून जास्त. दुबईहून मात्र खंडग्रासच. एक नियम, फक्त पट्ट्यातल्यांना लागू : शेवटची उजळ कडी मालवून 'हिऱ्याची अंगठी' दिसून गेली की चष्मा काढायचा, आणि दुसऱ्या बाजूने पहिला उजेडाचा ठिपका फुटताच पुन्हा लावायचा. मधल्या वेळात चष्मा लावून बसलात तर सूर्याभोवतीचे प्रभामंडल दिसणारच नाही, सगळे काळे दिसेल. त्या मिनिटांत कॅमेऱ्याशी झटापट करू नका. ९९ टक्के ग्रासाच्या गावात थांबून 'जवळपास तेच' मिळेल असेही समजू नका. पट्ट्याबाहेर अंधार होत नाही, चष्मा काढता येत नाही, प्रभामंडल नाही.

वेध आणि पथ्य यांविषयी माझे मत सरळ आहे. ज्याला स्नान-दान करायचे आहे त्याने करावे. 'दे दान सुटे गिराण' ही हाळी ऐकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत, तिने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते उपाशी ठेवल्याने. गरोदर बाईला दिवसभर अन्नपाणी न देता एका खोलीत बसवणे, मधुमेह असलेल्या सासऱ्यांना गोळी घेऊन न जेवता ठेवणे, तान्ह्याचे दूध अडवणे, हे धोक्याचे आहे. पंचांग काढून दाखवा. त्यातच मुले, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेध कमी सांगितलेले असतात, आणि जे ग्रहण आपल्या गावातून दिसत नाही त्याचे कोणतेच नियम पाळायचे नसतात हेही छापलेले असते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा हा आधार लवकर लागू पडतो. बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगणे हे गर्भाच्या पहिल्या दोन-सव्वादोन महिन्यांतल्या वाढीशी निगडित आहे, चिरलेल्या भाजीशी किंवा आकाशातल्या सावलीशी नाही. डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकवू नका, ते जास्त महत्त्वाचे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गर्भवती स्त्रियांना बरोबर घेऊन ग्रहण पाहण्याचे कार्यक्रम केले आहेत. तसे कोणी जवळपास करत असेल तर जा. अन्न टाकून देण्याचेही कारण नाही. चार तास उघडे राहिलेले अन्न ग्रहणाशिवायही खराब होते, झाकून फ्रिजमध्ये ठेवलेले ग्रहणातही होत नाही.

जाणकारांबरोबर पाहायचे असेल तर पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आणि नेहरू तारांगण. मोठ्या ग्रहणांना अशा संस्था बहुधा कार्यक्रम ठेवतात आणि तिथे तपासलेले चष्मेही मिळतात. वेळांबाबत शंका आली तर कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरची आकडेवारी प्रमाण माना.

आणि आता वहीत टिपून ठेवण्याची तारीख. ३१ डिसेंबर २०२८, रविवारची रात्र, पौष पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण, संपूर्ण भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्पर्श रात्री ८ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास, संमीलन पावणेदहाला, मध्य १० वाजून २२ मिनिटांनी, उन्मीलन अकराला दोन-तीन मिनिटे कमी असताना. थंडीचे दिवस, आकाश बहुधा निरभ्र, चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला. एरवी पौर्णिमेच्या उजेडात फिके पडणारे मृग आणि व्याध त्या तासाभरात शेजारीच ठसठशीत दिसतील. इमारतीच्या गच्चीवर वर्षअखेरीची पार्टी ठरलीच असेल तर रोषणाई साडेनऊला बंद करायचे सोसायटीत आधीच ठरवून घ्या. मोक्ष मध्यरात्री बारा वाजून सहा मिनिटांच्या सुमारास आहे. फटाके तोवर थांबवा, धुरात शेवट दिसणार नाही.